गाईच्या पोटातला चुंबक

इथलं कॅलेंडर ट्रकमधून येतं.
टोमॅटोचा लाल चोथा, बिया अजून ओल्या:
जुलै.
बदामाची सालं आली की ऑगस्ट सरत आला समजायचं.
द्राक्षांचा चोथा आंबूस, तो उतरला की
शेडवर माशांचं लग्न.
मग सरकी, लव चिकटलेली,
आणि नाताळानंतर संत्र्याच्या साली,
ढिगावर धुकं, धुक्याला वास.

पहाटे अडीचला मी मिक्सरवर चढतो.
काट्यावरचे आकडे उलटे पळतात,
साल इतकी, सरकी इतकी, मका, चिमूट म्हणावं इतकं मीठ.
तुलारेच्या या गोठ्यात अठराशे गाई,
आणि साऱ्यांना एकच आंबोण:
माणसानं सोलून, पिळून, गाळून
बाजूला सारलेलं.
आम्हाला गर हवा, रस हवा, दाणा हवा.
गाय म्हणते, बरं, उरलेलं आण.
नाही, ती काहीच म्हणत नाही.
ती खाते,
आणि मग बसून तेच पुन्हा खाते.

मालकाची आई, दोना देओलिंदा,
गव्हाणीच्या कडेने काठी टेकत येते.
बेटावर आमच्या अकरा गाई होत्या, म्हणते,
अकरांना अकरा नावं,
रताळ्याचे वेल मी हाताने भरवायचे.
मूठभर साल उचलून हुंगते,
म्हणते, गोड आहे,
आणि मूठ कोटाच्या खिशात घालून निघून जाते.

हंगामात ओतिलिया, माझी बायको,
बदाम फोडायच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
पट्ट्यावरून खडे वेचते, काड्या, फुटके दाणे.
ती निघते तेव्हा मी झोपलेला,
मी निघतो तेव्हा ती पट्ट्यापाशी.
तिच्यासमोर सुटी झालेली सालं
दोन दिवसांनी माझ्या लोडरच्या जबड्यात,
कोरडी, मखमली,
तिच्या केसांत असतो तोच धुरळा.
आठवडेच्या आठवडे आम्ही असेच भेटतो.

उरलेल्यात काहीही येतं.
तार, खिळा, पात्याचं टोक.
म्हणून प्रत्येक कालवडीला
बोटाएवढा चुंबक गिळायला लावतो.
तो पोटाच्या तळाशी पडून राहतो, जन्मभर.
टोचणारं जे जे येईल
ते अंगाला चिकटवून घेतो,
गाईला कळू देत नाही.

मार्चमध्ये चव्वेचाळीसशे सतरा गेली.
सात वेतं झालेली, इथल्या मानाने म्हातारी.
डॉक्टरने पोट उघडलं, कारण लिहून घेतलं
(हृदय, चुंबकाचा दोष नव्हता),
आणि हात धुता धुता म्हणाला,
घे नाबोर, हा तुझा पगार.

दोन खिळे. तारेचा आकडा.
आणि केसांची एक पिन,
पोलादी, घासून आरशासारखी झालेली.

घरी टेबलावर ठेवला.
ओतिलियाने उलटासुलटा करून पाहिला.
ही माझी नाही, म्हणाली, माझ्या काळ्या असतात.
इतक्या वर्षांत रंग उतरला असेल, मी म्हटलं.
कारखान्यात चाळीस बायका आहेत, ती म्हणाली,
आणि चाळिसांच्या केसांत पिना.
मग थोड्या वेळाने, मी पाहत नाही असं समजून,
तिने अंबाड्यात हात घातला
आणि एक एक चाचपून मोजल्या.

आता तो चुंबक फ्रिजच्या दारावर आहे.
त्याच्याखाली तिच्या पाळीचा कागद,
त्याखाली माझ्या पाळीचा.
खिळे काढून टाकले, तारही.
पिन ठेवली.
अडीचला निघताना कॉफीत घालायला
दूध काढतो, दुकानातलं, कुणा गाईचं कोण जाणे,
दार लावतो,
तेव्हा ती जरा हलते
आणि पडत नाही.